स्वर दाबल्यानंतर

घरी संगीत तयार करायचं ठरवलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पट्ट्यांच्या संख्येचा. २५ पुरतील का, ६१ घ्याव्यात का, ८८ नसतील तर पुढे अडेल का? दुसरा प्रश्न आवाजांचा असतो. आत किती आवाज आहेत, सतार आहे का, बासरी खरी वाटते का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि पुढच्या प्रकरणांत त्यांची सविस्तर उत्तरं आहेत. पण त्यांच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं, आणि ही लांबलेली प्रस्तावना त्यासाठीच आहे. पट्टी दाबली, स्वर उमटला. आता त्या स्वराचं तुम्हाला काय करता येतं?

पियानोत हातोडी तारेवर आदळली की वादकाची त्या स्वरावरची सत्ता जवळजवळ संपते. तो कधी थांबवायचा, एवढंच हातात उरतं. पियानोसाठी रचलेलं सगळं थोर संगीत ही मर्यादा मान्य करूनच उभं आहे. आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेलं संगीत वेगळ्या रीतीने चालतं. गायक गंधार लावतो आणि तिथून पुढे तो फुलवतो, आंदोलित करतो, मध्यमाला स्पर्श करून परत आणतो. सारंगी, सनई, बासरी, सतार, सगळ्यांचा जीव स्वर सुरू झाल्यानंतरच्या क्षणांत आहे. ज्याच्या कानांत हे संगीत आहे, त्याने पट्ट्यांचं वाद्य घेताना तो नंतरचा क्षण तपासूनच घ्यावा. आवाज पुढे हवे तितके मिळतात, त्यांतले पुष्कळ तर फुकट मिळतात. हाताखालची वस्तू मात्र रोज तीच असते.

आधी वस्तू ओळखून घेऊ, कारण दुकानात तीन वेगळी यंत्रं शेजारी शेजारी आणि जवळपास सारख्या रूपात मांडलेली असतात. पहिलं यंत्र म्हणजे अरेंजर कीबोर्ड. आपल्याकडे घरोघरी त्याला सरसकट कॅसिओच म्हणतात, मग तो यामाहाचा का असेना. त्याच्या आत आवाज असतात, स्पीकर असतात, आणि मुख्य म्हणजे ताल असतात; डाव्या हाताने कॉर्ड धरली की मागे अख्खा वाद्यवृंद चालू होतो. यामाहाची पीएसआर-आय मालिका आणि कॅसिओची ‘आयएन’ अक्षरांची मॉडेलं खास भारतीय ताल आणि आवाज घालून केलेली आहेत. ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळ, शाळेचं गॅदरिंग, अशा ठिकाणी एकट्या माणसाला सगळं उभं करावं लागतं, आणि तिथे या यंत्राला तोड नाही. दुसरं यंत्र सिंथेसायझर. त्यात आवाज तयार मिळतोच, शिवाय तो मुळापासून घडवता येतो. तिसरं यंत्र कीबोर्ड कंट्रोलर, आणि तो स्वतः गप्प असतो. त्याच्यात एकही आवाज नाही. तुम्ही काय वाजवलं एवढंच तो संगणकाला किंवा दुसऱ्या यंत्राला सांगतो.

हे सांगणं ज्या भाषेत होतं ती मिडी. जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेतल्या नॅमच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ असे दोन प्रतिस्पर्ध्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडले गेले आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून ऐकू आलं. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांना या कामासाठी २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मिडीच्या वायरीतून ध्वनी जात नाही, निरोप जातो: ६० क्रमांकाची पट्टी दाबली, ९० इतक्या वेगाने दाबली, आता सोडली. वेग ० ते १२७ या आकड्यांत मोजला जातो. चाळीस वर्षं उलटली तरी आजचा कंट्रोलर यूएसबीच्या वायरीतून मुख्यतः हेच निरोप पाठवतो आणि १९८३चं यंत्र आजच्या संगणकाशी बोलू शकतं. संगीताच्या यंत्रांच्या इतिहासात प्रतिस्पर्ध्यांच्या इतक्या शहाणपणाचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

यातून लगेच एक व्यावहारिक गोष्ट निघते. मुलांच्या क्लाससाठी कधीतरी आणलेला कीबोर्ड पुष्कळ घरांत कपाटावर असतो. तो खाली काढा आणि मागची बाजू बघा. ‘यूएसबी टू होस्ट’ असं लिहिलेलं, प्रिंटरला असतं तसं चौकोनी तोंड किंवा पाच पिनांची मिडीची गोल तोंडं दिसली तर कंट्रोलर तुमच्या घरातच आहे. त्याच्या मेनूत ‘लोकल कंट्रोल’ नावाची सोय असते. ती बंद केली की कीबोर्डाचा स्वतःचा आवाज थांबतो आणि पट्ट्या फक्त संगणकातला आवाज वाजवतात. अगदी स्वस्त मॉडेलांना पट्टी जोरात दाबली की हळू हे कळत नाही, त्यांच्यावर फार काळ समाधान होणार नाही. पण सहा महिने शिकायला, आपल्याला नक्की काय कमी पडतंय हे उमगायला, तेही पुरतात. आणि काय कमी पडतंय हे ज्याला ठाऊक आहे त्याला दुकानात कोणी भुलवू शकत नाही.

कंट्रोलर घेतला की आवाजाची जबाबदारी संगणकावर येते, आणि तिथे नवख्याचा हिरमोड एका हमखास ठिकाणी होतो. पट्टी दाबली आणि आवाज मागाहून आला. संगणक ध्वनी तुकड्यातुकड्यांनी तयार करतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या नेहमीच्या गतीला २५६ नमुन्यांचा एक तुकडा सुमारे ५.८ मिलिसेकंदांचा होतो, १,०२४ नमुन्यांचा सुमारे २३ मिलिसेकंदांचा. तुकडा लहान ठेवला तर हात आणि कान एकत्र राहतात, पण संगणकाला घाई होते आणि आवाजात करकर येते. १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साडेतीन मीटरवर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज आपल्यापर्यंत यायला लागणारा वेळ. तेवढा हाताला चालतो. २५च्या पुढे लयीचं माणूस अस्वस्थ होतं. विंडोजवर त्यासाठी एएसआयओ जातीचा ड्रायव्हर लागतो; मॅकमध्ये ही सोय मुळातच आहे. आणि ब्लूटूथचे हेडफोन वाजवताना कानाला लावू नयेत. त्यांचा उशीर पुष्कळदा शंभर मिलिसेकंदांच्याही वर जातो आणि माणसाला उगाच वाटतं की आपलाच हात कच्चा आहे. वायरीचे साधे हेडफोन हवेत.

आता मूळ मुद्दा, हाताचा.

महाराष्ट्रात पट्ट्यांशी पहिली ओळख बहुतेकांची पेटीवर होते. पेटीचं शिक्षण उजव्या हाताचं असतं असं आपण समजतो, पण पेटीतली अर्धी कला डाव्या हातात आहे. भाता किती आणि कसा ओढायचा, सम आली की हवा कशी वाढवायची, ओळ संपताना ती कशी विरू द्यायची, हे सगळं डावा हात करतो. गायकाच्या श्वासाची जागा तिथे आहे. पेटीवाला पहिल्यांदा कीबोर्डासमोर बसतो तेव्हा त्याची उजवी बोटं लगेच रुळतात आणि डावा हात रिकामा पडतो. पेटीवर पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज भात्याच्या हवेवर ठरतो. मिडीच्या जगात पट्टी दाबण्याच्या वेगावर आवाज ठरतो आणि तो एकदाच, सुरुवातीला ठरतो. म्हणून पेटीवरचा निष्णात माणूस कीबोर्डावर सपाट वाजवताना ऐकू येतो. त्याच्या तयारीत काही कमी नसतं, त्याच्या भात्याला बसायला जागाच नसते.

ती जागा शोधायला हवी, आणि ती आहे. १९७० साली आलेल्या मिनीमूग या एका वेळी एकच स्वर वाजवणाऱ्या सिंथेसायझरवर पट्ट्यांच्या डाव्या बाजूला दोन चाकं बसवलेली होती. एक स्वर वरखाली सरकवणारं, दुसरं त्यात कंप भरणारं. पुढे बहुतेक उद्योगाने ही मांडणी उचलली. केर्सी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मूग हिंदी चित्रपटसंगीतात आणला, तेव्हा तो हाती घेणारा माणूस मुळात अकॉर्डियन वाजवणारा होता, म्हणजे भात्याचा अर्थ ज्याच्या अंगात मुरलेला होता असा, हे मला महत्त्वाचं वाटतं. आजच्या पुष्कळ कंट्रोलरांवरही डाव्या हाताशी तीच दोन चाकं असतात. त्यांतलं दुसरं चाक, ज्याला मॉड्युलेशन व्हील म्हणतात, ते सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या पातळीला किंवा फिल्टरला जोडता येतं. असं जोडलं की ते चाक भात्याचं काम करू लागतं. ते पुढे नेलं की स्वर भरतो, मागे घेतलं की विरतो. एक्स्प्रेशन पेडल असेल तर हे काम पायाकडे जातं आणि डावा हात मोकळा होतो. बासरी, सारंगी, व्हायोलिन यांचे चांगले आवाज या हालचालीशिवाय प्लास्टिकसारखे वाटतात. हालचाल दिली की फुकटातला आवाजसुद्धा बोलू लागतो.

म्हणून कंट्रोलर निवडताना मी आधी डावी बाजू बघायला सांगतो. एमपीके मिनीसारख्या लहान कंट्रोलरवर चाकांऐवजी अंगठ्याने हलवायची छोटी दांडी आहे. मिनीलॅबवर बोट सरकवायच्या पट्ट्या आहेत. कीस्टेशनवर खरी चाकं आहेत. ताल बांधण्यासाठी, चार कॉर्ड टाकण्यासाठी पहिली दोन छानच आहेत. पण दांडीचा प्रवास इतका तोकडा असतो की तिच्यावर संथ मींड काढणं जिकिरीचं होतं. ज्याला सुरावट वाजवायची आहे त्याने खरी चाकं असलेलंच यंत्र घ्यावं, मग त्यापायी चार दिवे आणि आठ पॅड कमी मिळाले तरी चालतील.

मींड काढायची एक युक्ती आपले कीबोर्डवादक वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. चाक आधी खाली ओढून धरायचं, मग पट्टी दाबायची आणि चाक हलकेच सोडत आणायचं. स्प्रिंग चाकाला मध्यावर आणते आणि स्वर खालून सरकत बरोबर आपल्या जागेवर येऊन थांबतो. मुक्काम अचूक लागतो, कारण शेवटचं काम स्प्रिंगचं असतं. प्रवास कसा करायचा तेवढं हाताने ठरवायचं. चाकाचा पल्ला सुरुवातीला दोन अर्धस्वरांचा, म्हणजे सा ते रे एवढा असतो. तो वाढवता येतो. सात केला तर चाक पूर्ण पुढे नेल्यावर सा थेट पंचमावर जातो, पण मग मधला प्रत्येक केसभर फरक कानाने सांभाळावा लागतो. मिडीत चाकाच्या प्रवासाला १६,३८४ पायऱ्या आहेत, तेव्हा यंत्राकडून गुळगुळीतपणा कमी पडत नाही. पहिले काही आठवडे पल्ला दोनवरच ठेवावा.

चाकाची एक अडचण आहे. ते मिडीच्या एका वाहिनीवरच्या (चॅनेलवरच्या) सगळ्या स्वरांना एकदम ओढतं. तानपुरा म्हणून सा-प धरून ठेवलेला असेल तर तोही मींडेबरोबर सरकतो आणि ऐकवत नाही. उपाय साधा आहे, आधारस्वर वेगळ्या ट्रॅकवर ठेवायचा. प्रत्येक बोटाला स्वतंत्र मींड देणारी एमपीई ही पद्धत २०१८ पासून मिडीच्या प्रमाणात आली आहे, आणि पट्टी आडवी हलवली की तोच एक स्वर वाकवणारी ऑस्मोससारखी वाद्यंही आली आहेत. ती सुंदर आहेत. पहिली खरेदी म्हणून ती महाग पडतात, आणि साध्या चाकावर ज्याने काही महिने घालवले आहेत त्यालाच त्यांचं मोल कळतं.

स्वरांच्या जागांचा प्रश्न याहून खोल आहे आणि दुकानात तो कोणी काढत नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं आणि ते तीस वर्षांनंतर अंशतः उघडलं. त्या बंदीमागच्या आक्षेपांत मींड निघत नाही हा एक होता आणि स्वर समान अंतरावर बसवलेले आहेत हा दुसरा. कीबोर्डालाही हे दोन्ही आक्षेप जसेच्या तसे लागू होतात. सप्तकाचे १,२०० सेंट धरले तर कीबोर्डावरचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर असतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ सेंटवर असतो. धैवत ९००च्या जागी ८८४ हवा. १४ आणि १६ सेंटचा हा फरक गिटारच्या कॉर्डसोबत गाणं करताना कोणाला खटकत नाही, पण तानपुरा लावून भूप वाजवायला घ्या, गंधार चढा लागतोय हे तुमचा कान पहिल्या मिनिटात सांगेल. याच तळमळीतून डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली. पेटीत त्यासाठी सूर आणि यंत्रणा बदलावी लागते. सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये स्वरांचं कोष्टक भरलं की काम होतं. सर्ज एक्सटी हा पूर्ण मोफत सिंथेसायझर आणि व्हायटल हा मोफत आवृत्तीत मिळणारा सिंथेसायझर, दोघेही अशी कोष्टकं स्वीकारतात. ज्या गोष्टीवरून एका वाद्याला तीस वर्षं नभोवाणीबाहेर ठेवलं गेलं, ती गोष्ट आज घरात बसून, एक पैसा न देता साधता येते, आणि तरी फार थोडे लोक ती करतात. हे पुस्तक लिहिण्यामागचं एक मोठं कारण हेच आहे.

इथे ट्रान्सपोजबद्दल एक सूचना आत्ताच द्यायला हवी. गायिका काळी चार सांगते, गायक काळी एक. आणि आपले बहुतेक कीबोर्डवादक बोटं पांढरी एकचीच ठेवून बटणाने पट्टी बदलतात. सोय म्हणून ते उत्तम आहे. पण स्वरांचं कोष्टक एका ठरावीक सा वर बसवलेलं असतं. कंट्रोलरवरचं ट्रान्सपोज पट्टीचा क्रमांकच बदलून पाठवतं, त्यामुळे कोष्टकातला गंधार भलत्याच स्वराला जाऊन चिकटतो. कोष्टक वापरताना कंट्रोलरवरचं ट्रान्सपोज शून्यावर ठेवून सिंथेसायझरच्या आत सगळं सप्तक वरखाली करावं, किंवा कोष्टकाचा सा बदलावा.

पट्ट्यांची संख्या यानंतर ठरवणं सोपं जातं. पेटी तीन-साडेतीन सप्तकांची असते आणि तिच्यावर आयुष्य निघतं. ४९ पट्ट्यांत चार सप्तकं येतात. यंत्राची लांबी साधारण ८० सेंटिमीटर होते, म्हणजे मुंबईतल्या एका खोलीच्या घरातही ते टेबलावर मावतं. डाव्या हाताने कॉर्ड आणि उजव्याने सूर असं पूर्ण वाजवायचं असेल तर ६१ घ्याव्यात. ८८ पट्ट्या आणि हातोडीचं वजन असलेलं यंत्र पियानो शिकणाऱ्यासाठी आहे. पेटीच्या हलक्या हाताला ते सुरुवातीला जड जातं आणि द्रुत ताना अडकतात. पट्ट्यांच्या आकाराबाबत मात्र मी हट्टी आहे. पियानोच्या मापाचं सप्तक सुमारे साडेसोळा सेंटिमीटरचं असतं. मिनी पट्ट्यांवर ते आखूड होतं, आणि त्या मापाला सरावलेला हात दुसऱ्या कुठल्याही वाद्यावर चुकत राहतो. प्रवासात, वसतिगृहात, केवळ ताल आणि बेस भरण्यासाठी मिनी पट्ट्या घ्या. वाजवायला शिकायचं असेल तर पूर्ण मापाच्या घ्या. ज्याला ढोलकी, हलगी, ताशा यांचे ठेके बांधायचे आहेत, ज्याचा हात ऑक्टोपॅडवर बसलेला आहे, त्याने पट्ट्यांची चिंता सोडून चांगल्या पॅडचं यंत्र बघावं. त्याच्यासाठी ते खरं वाद्य आहे.

स्पर्शाविषयी थोडं यंत्राच्या आत डोकावू. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या टोप्यांत दोन संपर्क असतात. पट्टी खाली जाताना एक आधी जुळतो, दुसरा नंतर. मधला काळ मोजून यंत्र वेग ठरवतं. पेटीचा हात पट्टीला हलकेच स्पर्श करतो, म्हणून यंत्राला तो वेग कमी वाटतो आणि आवाज मरगळलेला येतो. बहुतेक कंट्रोलरांत वेगाचा आलेख बदलायची सोय असते. पेटीवाल्यांनी ‘सॉफ्ट’ आलेखापासून सुरुवात करावी. पट्टी दाबून ठेवल्यावर आणखी दाब दिला तर तोही ओळखणारी सोय, आफ्टरटच, स्वस्त यंत्रांत बहुधा नसते. ती असलेलं यंत्र बजेटात बसत असेल तर घ्या. स्वर लागल्यानंतर त्याच बोटाने त्यात आंदोलन भरता येणं ही आपल्या संगीताला फार जवळची गोष्ट आहे.

एवढं सगळं कंट्रोलरच्या बाजूने लिहून झालं, तरी पहिलीच खरेदी सिंथेसायझरची करणारा माणूस चुकतो असं मी म्हणणार नाही. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि बेस वाजवणारे कलावंत. १९८२ साली त्यांनी मुंबईत रोलँडची तीन यंत्रं जोडली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ बेस आणि टीआर-८०८ ताल. त्यांवर दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवून एचएमव्हीसाठी तबकडी केली. त्या वेळी ती फारशी कोणी घेतली नाही. २०१० साली नेदरलँड्समधून ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांनी कान टवकारले, कारण शिकागोत पुढे ज्या आवाजातून अ‍ॅसिड हाउस जन्मलं तो आवाज इथे पाच वर्षं आधी भैरवी आणि ललत वाजवत होता. टीबी-३०३ हे गिटारवाल्याच्या साथीला बेस देणारं छोटं यंत्र होतं आणि बाजारात ते लवकरच बंद पडलं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. रागांना लागणारी हालचाल त्या स्वस्त यंत्रात आहे हे चरणजित सिंगांच्या कानाने हेरलं. आतल्या आवाजांची संख्या बघून यंत्र घेणाऱ्याला ते कधी दिसलं नसतं.

सिंथेसायझरचं शिक्षण हाताने घडतं, यासाठी तो घ्यावा. मूळ कल्पना तीन पायऱ्यांची आहे. ऑसिलेटर कच्चा ध्वनी देतो. करवती आकाराच्या लहरीत सगळे उपस्वर असतात, चौकोनी लहरीत फक्त विषम. फिल्टर त्यांतले वरचे उपस्वर छाटतो. एन्व्हलप हे सगळं काळात कसं बदलेल ते ठरवतं, म्हणजे चढणं, उतरणं, टिकणं, विरणं. हे वाचून जेवढं कळतं त्याच्या दसपट, फिल्टरचा नॉब डाव्या हाताने फिरवत उजव्याने एक स्वर धरला की कळतं. १९८३चा यामाहा डीएक्स-७ याच्या उलट टोकाला होता. आवाज अद्भुत, पण नॉब जवळजवळ नाहीत, सगळं बटणं आणि छोट्या पडद्यामागे. म्हणून जगातले बहुतेक वादक कारखान्याने भरून दिलेले आवाजच वाजवत राहिले. पहिला सिंथेसायझर घेताना ही आठवण ठेवावी आणि प्रत्येक मुख्य गोष्टीला स्वतंत्र नॉब आहे असंच यंत्र निवडावं. कॉर्गचा मिनीलॉग (२०१६) याचा चांगला नमुना आहे: चार स्वर एकदम, ३७ बारीक पट्ट्या, आणि लहरीचा आकार डोळ्यांना दाखवणारा छोटा पडदा. आर्टुरियाच्या मायक्रोफ्रीकवर (२०१९) हलणाऱ्या पट्ट्याच नाहीत, स्पर्श ओळखणारा सपाट पत्रा आहे, पण तो प्रत्येक बोटाचा दाब ओळखतो. ज्याला दिवसभर पडद्यासमोर काम करून संध्याकाळी पुन्हा पडदा नको असतो, त्याच्यासाठी असं यंत्र हीच योग्य सुरुवात आहे.

किमती मी पुस्तकात दिलेल्या नाहीत, त्या वर्षभरात शिळ्या होतात. प्रमाण सांगतो: खिशात जेवढे पैसे आहेत त्यांतले निम्मे पट्ट्यांवर खर्च करा आणि उरलेल्यांत हेडफोन, सस्टेन पेडल आणि जमलं तर एक साधा ऑडिओ इंटरफेस बसवा. सॉफ्टवेअरसाठी सुरुवातीला काहीच ठेवू नका. बहुतेक कंट्रोलरांसोबत ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची हलकी आवृत्ती येते, आणि वर सांगितलेले सॉफ्टवेअर सिंथेसायझर मोफत आहेत. डेक्स्ड हे डीएक्स-७चं मोफत रूपही आहे.

जुनं यंत्र घेत असाल तर वेळ काढून बसा. प्रत्येक पट्टी हळू, मध्यम आणि जोरात वाजवून बघा. एखादी पट्टी हळू दाबूनही मधूनच किंचाळली तर तिच्याखालच्या संपर्कांत धूळ किंवा दमटपणा शिरला आहे. कोकणात आणि किनारपट्टीवर पावसाळ्यानंतर हा दोष नेहमीचा आहे, आणि जाणकार दुरुस्तीवाला रबराच्या पट्ट्या काढून साफ करून देतो. चाक सोडल्यावर स्वर पूर्ण जागेवर येतो का, हे तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर ऐका. अडॅप्टर मूळचा नसेल तर व्होल्ट आणि मधली पिन धन की ऋण हे यंत्राच्या पाठीवरच्या खुणेशी ताडून बघा. उलटी पिन लावलेलं यंत्र एका क्षणात जाऊ शकतं.

पुस्तकाचं पहिलं प्रकरण यंत्र अजून घेतलेलं नसलं तरी सुरू करता येईल असं ठेवलं आहे, कारण संगणकाच्या साध्या कळफलकावरही सर्ज एक्सटी वाजतो. त्यात कोरा आवाज उघडायचा, एका ऑसिलेटरला करवती लहर द्यायची आणि ती खर्जाच्या सा वर ठेवायची. दुसऱ्याला पंचम द्यायचा. फिल्टर निम्म्यावर आणायचा आणि पाच-सहा सेकंदांत एकदा वरखाली होणाऱ्या संथ एलएफओला (कानाला ऐकू न येणाऱ्या मंद ऑसिलेटरला) जोडायचा. उपस्वर उघडू-मिटू लागले की दुसरा ट्रॅक घ्यायचा, त्यावर गंधार ३८६ सेंटवर आणि धैवत ८८४वर आणणारं कोष्टक भरायचं, आणि भूपाचा आरोह एका स्वराला एक पूर्ण श्वास देत वाजवायचा. मग तेच कोष्टक काढून पुन्हा.